प्रोसेस मेली, पण बातमी अडकली : पीट्रेस आणि सिगकिलची चाचणी

मंडळी, आज आपण घोडेगावात जमलोय, तर सुरुवात इथल्या जनावरांच्या बाजारापासूनच करू. कासरा ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीनं म्हैस चालते. लिनक्समधली 'पीट्रेस' ही सोय साधारण असंच काम करते. जीडीबीसारखा डिबगर तिच्याच आधारानं दुसऱ्या प्रोसेसचा कासरा धरतो. अशा धरणाऱ्याला ट्रेसर म्हणतात.

आता या धरलेल्या प्रोसेसला 'सिगटर्म', म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवला तर? सिग्नल लागू होण्याआधी प्रोसेस थांबते आणि ट्रेसरला 'वेटपिड'मधून तसं कळतं. सिग्नल पुढे सोडायचा, बदलायचा की गिळून टाकायचा, हे ट्रेसर ठरवतो. गिळला, तर प्रोसेस जिवंतच राहते.

९ क्रमांकाचा 'सिगकिल' मात्र ट्रेसरला विचारत नाही. ट्रेसरनं थांबवून ठेवलेली प्रोसेससुद्धा त्यानं मरते. आणि तसंच पाहिजे. नाहीतर एखादा प्रोग्राम कासरा धरून बसेल आणि बिघडलेली प्रोसेस सर्व्हरवरून काढताच येणार नाही.

हे तपासायला आम्ही तीन प्रोसेस घेतल्या : एक पालक, एक तिचं मूल आणि मुलाला बाहेरून जोडलेला ट्रेसर. मुलाला सिगकिल पाठवला. मग ते उरलंय का हे बघायला ० क्रमांकाचा सिग्नल पाठवला. हा सिग्नल करत काहीच नाही, फक्त प्रोसेस आहे की नाही एवढं सांगतो. उत्तर आलं : आहे! आम्हाला वाटलं, ट्रेसरनं सिगकिलही अडवला.

पण 'पीएस'मध्ये त्या प्रोसेसपुढे 'झेड' दिसत होता. झेड म्हणजे झोंबी : प्रोसेस मेलेली, पण कर्नलच्या यादीत नोंद शिल्लक. मरणाची बातमी आधी ट्रेसरला मिळते, आणि आमचा ट्रेसर झोपलेला होता. त्यानं वेटपिड केलं, तेव्हा '९ नं मेली' असं उत्तर मिळालं. पालकाला बातमी त्यानंतरच पोचली. म्हणजे ट्रेसर मरण रोखू शकत नाही, बातमी मात्र रोखून धरू शकतो.

मग आम्ही चाचणी बदलली. वेटपिडचं उत्तर '१५ मुळे थांबली' की '९ मुळे मेली', हेच तपासायचं. सिगकिल प्रोसेस चालू असताना एकदा आणि थांबलेली असताना एकदा पाठवायचा. हे पुष्कळ वेळा करायचं, कारण वेळेचा घोळ एका फेरीत सापडत नाही. मधेच पीट्रेसकडून 'अशी प्रोसेस नाही' असं उत्तर येऊ शकतं. ते गृहीत धरूनच ट्रेसर लिहायचा. आणि वेळेची मर्यादा घालायची, नाहीतर चाचणीच अडकून बसते.

'किल मायनस नाइन चालत नाही' असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर आधी झेड आहे का बघा. असेल, तर त्या प्रोसेसच्या 'प्रॉक'मधल्या स्टेटस फाइलमध्ये 'ट्रेसरपिड'ची ओळ वाचा. तिथं शून्य असेल तर पालकाकडे वळा. दुसरा आकडा असेल, तर बातमी कुणी अडवलीय ते तुम्हाला कळलंच.