इसब आणि वावड्याची चाचणी

लहान मुलांच्या गालांवर, कोपरांच्या व गुडघ्यांच्या खोबणीत उमटणारे लालसर, खाजरे चट्टे बहुधा इसबाचे असतात. रात्र-रात्र खाजवणारे मूल पाहून पालकांच्या मनात प्रश्न उभा राहतो, तो 'याला कशाचे वावडे असावे?' हा. मग दूध, अंडी, गहू, शेंगदाणे एकामागून एक वर्ज्य होतात आणि त्वचेवरील चाचणीकडे अंतिम निवाडा म्हणून पाहिले जाते. ही चाचणी नेमके काय सांगते, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

'प्रिक टेस्ट' या नावाने परिचित असलेल्या या चाचणीत हाताच्या आतील बाजूस किंवा पाठीवर, चट्टे नसलेल्या जागी, संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून त्वचा हलकेच टोचतात. तुलनेसाठी शेजारी हिस्टामाइनचा व मिठाच्या द्रावणाचा थेंब असतो. सुमारे १५ ते २० मिनिटांनी उठलेला फुगवटा मोजला जातो. मिठाच्या द्रावणाच्या जागेपेक्षा तो किमान ३ मिलिमीटरने मोठा असल्यास चाचणी सामान्यतः सकारात्मक मानतात. खाजेवरील काही औषधांमुळे निकाल झाकला जातो. ती किती दिवस आधी थांबवावीत, हे डॉक्टर सांगतात.

तथापि सकारात्मक निकाल म्हणजे वावडे सिद्ध झाले, असे नव्हे. शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत, एवढेच त्यातून कळते. पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. इसब असलेल्या मुलांत असे निकाल वारंवार आढळतात. त्वचेचे संरक्षक आवरण दुर्बल झाल्याने धुळीतील अन्नकण आत शिरतात आणि शरीर त्यांना परके मानू लागते. म्हणजे अनेकदा वावडे हे इसबाचे कारण नसून परिणाम असते.

या संदर्भात लंडनमधील एक संशोधन उद्बोधक आहे. तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे असलेल्या, ४ ते ११ महिने वयाच्या ६४० बालकांचा त्यात समावेश होता. चाचणीत मोठा फुगवटा आलेली बालके वगळण्यात आली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नियमितपणे शेंगदाणे दिलेल्या बालकांत पाचव्या वर्षी त्यांचे वावडे, ते टाळणाऱ्यांच्या तुलनेत, ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. अर्थात तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणे देण्याआधी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. आणि ते अख्खे न देता पातळ लगद्याच्या रूपातच द्यावेत, अन्यथा घशात अडकण्याचा धोका असतो.

एखादा पदार्थ खाल्ल्यानंतर लवकरच अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे अशी लक्षणे दिसल्यास चाचणी निश्चितच उपयुक्त ठरते. श्वास लागल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी त्वचेचा ओलावा राखणारी मलमे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित लावणे, हाच इसबावरील मुख्य उपाय होय. केवळ फुगवट्याच्या मापावरून मुलाच्या ताटातील पोषण काढून घेणे हितावह नाही.