अंगठा थांबेना, रील संपेना!

पांढुर्णा-सौंसरकरांनो, ‘एकच रील पाहतो’ म्हणून फोन उचलला अन् गॅसवरची भाजी करपली, असं झालंय ना? मग हे वाचाच. एकदम फटाफट!

रोजची गोटमार
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा विरुद्ध सावरगाव अशी दगडफेकीची गोटमार होते. वर्षातून एकदाच, तरी माणसं जखमी होतात, जीवही गेलेत. कॉमेंट्समधली गोटमार मात्र 365 दिवस! खरी गोटमार झेंडा हाती लागला की संपते; इथं तो कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून खेळ संपतच नाही.

तळ नसलेलं पान
माहीत आहे का, स्क्रोल करत राहा, पान संपतच नाही, ही करामत कुणाची? डिझायनर एझा रास्किन यांची, 2006 सालची. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली!

सहा प्रश्नांची परीक्षा
नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये फेसबुकच्या नादासाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी बनवली. पुढे ती सगळ्याच सोशल मीडियाला लावली गेली. त्यात ‘किती तास?’ हा प्रश्नच नाही! फोन नसला की जीव कासावीस होतो का? कमी करायचं ठरवूनही जमत नाही का? अभ्यास-काम बिघडतं का? खरी गोम ताबा सुटण्यात आहे.

साल बदललं, आकडा बदलला
जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये 44 देश-प्रदेशांतल्या मुलांचा अहवाल दिला. सोशल मीडियाचा वापर हाताबाहेर गेलेली मुलं 2018 मध्ये 7 टक्के होती, 2022 मध्ये 11 टक्के झाली. मुली 13, मुलगे 9!

गोतावळा भारी
32 देशांतल्या अभ्यासांची 2021 मध्ये एकत्र बेरीज झाली. ‘मी’पेक्षा ‘आपण’ला मान देणाऱ्या देशांत सोशल मीडियाच्या व्यसनाचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं! आपल्याकडे तर काका-मामांचा ग्रूप, भिशीचा ग्रूप, भजनी मंडळाचाही ग्रूप. गुड मॉर्निंगला उत्तर नाही दिलं, तर आत्या रुसणार!

सगळेच बुडाले तर?
2020 मधला 29 देशांचा अभ्यास भन्नाट आहे. जिथं फार कमी मुलं दिवसभर ऑनलाइन असतात, तिथं तशी मुलं कमी समाधानी दिसली. जिथं अशी मुलं बरीच, तिथं तसं दिसलं नाही. पण ताबा सुटलेली मुलं? ती सगळीकडेच कमी समाधानी!

सरकारी ब्रेक
दक्षिण कोरियाने 2011 मध्ये 16 वर्षांखालच्यांचे ऑनलाइन गेम मध्यरात्री ते पहाटे 6 बंद केले. दहा वर्षांनी तो कायदाच गुंडाळला. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखाली मोठ्या सोशल मीडियावर खातंच नाही!

दंड की भोंगा?
आता आपली मराठी गावं! यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने 2022 मध्ये 18 वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी ठरवली. मोडली तर 200 रुपये दंड! त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही-मोबाइल बंद, पुस्तकं अन् गप्पा चालू!

शटर डाऊन
गाडी फारच हाताबाहेर गेली, तर डॉक्टरही आहेत बरं! बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून ‘शट क्लिनिक’ आहे, खास टेक्नॉलॉजीच्या नादासाठी.

आमचा कौल वडगावच्या भोंग्याला! कारण दंड एकट्या पोराला बसतो, भोंगा बापालाही फोन ठेवायला लावतो. जो नाद सगळ्या गोताला लागलाय, तो एकट्याने सुटत नाही, सगळ्यांनी मिळून सुटतो. 2023 मध्ये पांढुर्णा नवा जिल्हा झाला, आता नवी सवयही लावूया. पांढुर्ण्यात असा, सौंसरात असा, आज रात्री जेवताना घरातले सगळे फोन एका टोपलीत टाका. सुरुवात मोठ्यांनी करा!