मुलांच्या लेखनाला वाचक हवा

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना एका गोष्टीची सवय होऊन गेलेली असते. निबंधाच्या प्रश्नापाशी येताच शंभर विद्यार्थ्यांची शंभर हस्ताक्षरे दिसतात, परंतु आवाज मात्र एकच ऐकू येतो. आई वात्सल्यसिंधू असते, शेतकरी जगाचा पोशिंदा असतो आणि फाटके पुस्तक आपली कैफियत सर्वत्र त्याच शब्दांत मांडते. ज्या मुलाच्या गावात उन्हाळाभर टँकरने पाणी आले आणि पावसाळाही कोरडा गेला, त्याच्या निबंधातील धरणीही हिरवा शालूच नेसते. त्याने स्वतः पाहिलेला पाऊस, किंबहुना न पाहिलेला पाऊस, त्याच्या वहीत कोठेच उतरत नाही.

याचा दोष मुलांच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर विद्यार्थी येथे पूर्णपणे व्यवहारी वागत असतो. गाइडमधील वाक्य पाठ केले तर ठरावीक गुणांची हमी असते. स्वतःचे वाक्य लिहिण्यात मात्र धोका असतो. ते चुकले तर गुण जातात आणि साधले तरी फारसे वाढत नाहीत. ज्या व्यवहारात जोखमीला मोबदला नाही तेथे जोखीम कोण पत्करील? मराठीच्या प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली आणि ऐंशीपैकी चोवीस गुण उपयोजित लेखनाला देण्यात आले. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध असे प्रकार त्यात आले. हेतू स्तुत्य होता. तथापि, पाठोपाठ आदर्श कृतिपत्रिकांचे संचही बाजारात आले आणि पाठांतराचा विषय तेवढा बदलला. ज्या भाषेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, त्याच भाषेत आज निबंधमाला म्हटली की विद्यार्थ्याला तयार निबंधांचे पुस्तक आठवावे, हा काळाचा विचित्र महिमा म्हणावा लागेल.

निबंध कोणासाठी?

या दुखण्याचे मूळ शोधू गेल्यास ते शब्दसंपत्तीच्या अभावात वा वाचनाच्या कंटाळ्यात तितकेसे सापडत नाही. ते एका साध्या उणिवेत आहे. शाळेत लिहिल्या जाणाऱ्या निबंधाला परीक्षक असतो, वाचक नसतो. लेखन हा मुळात दोघांमधील व्यवहार आहे. एकाला काही सांगायचे असते आणि दुसऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून शब्दांची गरज पडते. 'माझी आई' या विषयावर मुलाने लिहिलेले वाचून कोणाला काही नवे कळणार आहे, अशी अपेक्षा ना लिहिणाऱ्याची असते, ना वाचणाऱ्याची. अशा स्थितीत भाषा अलंकारिक होते, पण अर्थवाही होत नाही.

याउलट, सांगण्यासारखे काही असेल आणि ऐकणारे कोणी असेल, तर शाळकरी वयातही केवढे लेखन होऊ शकते याचा दाखला मराठीत फार जुना आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल तिने त्यात मांडले आणि ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोकडा सवालही केला. तिच्यापुढे नमुन्याचा निबंध नव्हता. समोर दुःख होते आणि ते ज्यांना ठाऊक नव्हते असे वाचक होते. पावणेदोनशे वर्षांच्या घरात गेलेला तो निबंध आजही वाचला जातो, तो याच कारणाने.

तपासणीचे गणित

शाळेत वाचक का मिळत नाही, याचे उत्तर शिक्षकांच्या आस्थेत न शोधता त्यांच्या घड्याळात शोधले पाहिजे. एक निबंध मन लावून वाचून त्यावर दोन उपयोगी ओळी लिहायला आठ मिनिटे लागतात असे धरले, तर साठ मुलांच्या एका तुकडीसाठी आठ तास लागतात. शिक्षकाकडे अशा चार तुकड्या असतील तर बत्तीस तास झाले. हे सारे अध्यापन, परीक्षा, निवडणुकीची कामे आणि रोजचे तक्ते भरणे सांभाळून करायचे. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे. ते कसोशीने पाळले तरी एका तुकडीचे काम पावणेपाच तासांच्या आसपास जाते. साहजिकच वहीवर लाल शाईची एक खूण, खाली तारीख व सही, एवढ्यावर तपासणी संपते. मुलाच्या दृष्टीने त्या खुणेचा अर्थ एकच असतो : हे कोणी वाचलेले नाही.

दुर्मीळ साधन जपून वापरावे हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. येथे दुर्मीळ साधन शिक्षकाचा वेळ हे आहे. महिन्यातून एकदा चार पानी निबंध लिहून घेऊन साऱ्या वह्यांचा ढीग एकदम उपसण्यापेक्षा, आठवड्यातून दोनदा दहा ओळींचे लेखन घ्यावे आणि दर वेळी आठ-दहा वह्या आळीपाळीने, पण खरोखर वाचाव्यात. वाचताना साऱ्या चुका न दाखवता एकच दाखवावी आणि ती सुधारून तोच मजकूर पुन्हा लिहायला सांगावा. दहा वेगवेगळे निबंध एकेकदा लिहिण्याने जे साधत नाही, ते एक निबंध तीनदा लिहिण्याने साधते. पुनर्लेखन म्हणजे शिक्षा, ही समजूत शाळांतून जाईल तेव्हाच लेखनाचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होईल.

शिवाय वाचक म्हणजे केवळ शिक्षक असेही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवीत. त्याला छापखाना लागला नाही की अनुदान लागले नाही. आज कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात एक फळा भित्तिपत्रकासाठी राखून ठेवता येतो. शेजारच्या तुकडीतील मुले ते वाचणार आहेत एवढे समजले तरी हस्ताक्षर आपोआप सुधारते आणि वाक्येही.

शुद्धलेखन आणि लेखन

दुसरा घोटाळा 'शुद्धलेखन' या शब्दाने केलेला आहे. ऱ्हस्वदीर्घ अचूक असणे म्हणजे चांगले लिहिणे, असे समीकरण घरोघरी आणि वर्गोवर्गी रूढ झाले आहे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले व १९७२ साली त्यांत भर पडली. या नियमांचे महत्त्व वादातीत आहे. एकाने लिहिलेले दुसऱ्याला बिनचूक कळावे यासाठी प्रमाण लेखन हवेच. परंतु प्रश्न क्रमाचा आहे. वऱ्हाडातले, खानदेशातले, मालवणकडचे किंवा एखाद्या पाड्यावरचे मूल घरची बोली घेऊन शाळेत येते. त्याने पहिल्यांदाच मनापासून लिहिलेल्या चार ओळींतील प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ आली, तर ते यथावकाश शुद्ध लिहू लागते असे नाही. ते लिहिण्याचेच सोडते आणि गाइडमधील शुद्ध वाक्यांचा आसरा घेते. आधी काय सांगितले ते ऐकून घ्यावे, मग कसे सांगितले ते पाहावे आणि अखेरीस कसे लिहिले ते सुधारावे, हा क्रम शिक्षक व पालक या दोघांनीही पाळण्याजोगा आहे.

याचा अर्थ पाठांतर वा श्रुतलेखन टाकाऊ आहे असा कोणी करू नये. चांगल्या गद्याचा उतारा ऐकून लिहिण्याने कानाला वाक्याची घडण कळते. मात्र उतारा हा व्यायाम आहे आणि निबंध हे बोलणे आहे. व्यायामाची जागा बोलण्याने घेऊ नये, तशी बोलण्याची जागा व्यायामानेही घेऊ नये.

बार्बियानाचा धडा

लेखन हा उपजत देणगीचा भाग आहे, ज्याला येते त्यालाच येते, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगराळ खेड्याने खणखणीत उत्तर दिले आहे. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने तेथील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली होती. सरकारी शाळेने नापास ठरवून बाहेर काढलेल्या मुलांचा त्यात भरणा होता. त्यांपैकी आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वाचले गेले. मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे.

या मुलांची लिहिण्याची रीत सुतारकामासारखी उघड होती. प्रत्येकाने सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर, एकाच बाजूला लिहायचा. मग साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून एकसारख्या काढून टाकायच्या आणि जवळच्या मुद्द्यांचे गट पाडायचे. गटांतून प्रकरणे तयार होत. मग खरे काम सुरू होई ते छाटणीचे. अनावश्यक शब्द, लांबलेली वाक्ये, एकाच वाक्यात कोंबलेले दोन विचार, हे सारे काढले जाई. अखेरीस बाहेरच्या माणसांना, शक्यतो फार न शिकलेल्यांना, मजकूर वाचून दाखवायचा आणि त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे. या रीतीत प्रतिभेला कोठे स्थान आहे? आहे ती कारागिरी, आणि कारागिरी शिकवता येते. चिठ्ठ्या, टेबल आणि ऐकणारी माणसे एवढ्या भांडवलावर ही रीत आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही चालू शकेल.

घराचा वाटा

घरी लेखन शिकवावे असे म्हटले की सुशिक्षित पालक मुलाशेजारी बसून निबंध सांगू लागतात आणि मूल उतरवून घेते. हे शिकवणे नव्हे, हे मुलाचे काम हिरावून घेणे होय. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटीसारखी साधने सर्वांच्या हाती आल्यापासून तर सांगणारा पालकही लागेनासा झाला आहे. विषय देताच निबंध तयार होतो. गाइडने जे अर्धवट केले होते ते यंत्राने पूर्ण केले, एवढेच. ज्या निबंधाला लेखकाची गरजच नव्हती तो यंत्राने लिहिला म्हणून आक्रोश करण्यात अर्थ नाही. लेखकाची गरज भासेल असे विषय देणे हाच त्यावरचा उपाय आहे. 'आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येते आणि ते कोण भरते' या विषयावरची माहिती यंत्रापाशी नसते. ती त्या मुलापाशीच असते.

घरात लेखनाचे निमित्त रोज उभे राहते. वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी, गावी असलेल्या आजोबांना पत्र, शेतातील खताबियाण्यांचा हिशेब, आईच्या बचत गटाच्या सभेचे इतिवृत्त, वीजबिल चुकीचे आल्याचा तक्रारअर्ज, ही सारी कामे मुलांकडून करवून घेण्यासारखी आहेत. या लेखनाचा परिणाम मुलाला डोळ्यांनी दिसतो. यादीत मीठ राहिले तर घरात मीठ येत नाही. अर्जात ग्राहक क्रमांक राहिला तर अर्ज परत येतो. स्पष्ट लिहिणे का आवश्यक आहे, हे याहून नेमके कोणता शिक्षक सांगू शकेल?

ज्या घरात आईवडिलांना लिहिता-वाचता येत नाही त्या घराचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण वाचक होण्यासाठी साक्षर असावेच लागते असे नाही. मुलाने लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवावे आणि आजीने विचारावे, "मग पुढे काय झालं? तो कोण, ते नाही सांगितलंस." या दोन प्रश्नांत संपादनाचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे.

जे मोजले जाते

धोरणकर्त्यांचे लक्ष मात्र अद्याप लेखनाकडे पुरेसे वळलेले नाही. २००५पासून निघणाऱ्या 'असर'च्या घरोघर पाहणीचा भर वाचन आणि गणितावर आहे. शासनाच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात पर्यायांतून उत्तर निवडायचे असे. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाच्या उद्दिष्टांत लेखनाचा उल्लेख आहे. परंतु त्याच्या नावात आकलनासह वाचन आणि संख्याज्ञान यांनाच स्थान मिळाले. वाचन व गणिताची पायाभरणी आधी हवी, हे कोणी नाकारणार नाही. तथापि, जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा सरकारी यंत्रणेचा स्वभाव आहे. तिसरीच्या मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेल्या पाच ओळी हेही मोजण्याजोगे माप आहे.

या प्रश्नात भाषेच्या सौष्ठवापेक्षा अधिक काही गुंतलेले आहे. चांगले लिहिणे आज बहुतांशी घरातून घरात, वारशाने उतरते. ज्यांच्या घरी पुस्तके आणि वाचणारी माणसे आहेत त्यांच्या मुलांना ते फुकट मिळते. इतरांच्या मुलांना शाळेने ते द्यायचे असते आणि शाळा त्यांच्या हाती पाठ केलेला निबंध ठेवते. पुढे हीच मुले तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यासमोर पैसे घेऊन उभी राहतात. पदवी हाती असूनही आपले म्हणणे त्यांना स्वतः मांडता येत नाही. शेतकऱ्यांची मुले निरक्षर राहिल्याने कागदोपत्री कशी नाडली जातात, हे जोतीरावांनी १८८०च्या दशकात पोटतिडकीने सांगितले होते. साक्षरता आली, पण कागदावर आपला शब्द उमटवण्याचे सामर्थ्य अजून सर्वांच्या वाट्याला आलेले नाही. ते येण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. मुलाने लिहिलेले कोणीतरी मनापासून वाचावे, एवढी सुरुवात प्रत्येक वर्गात आणि प्रत्येक घरात आजही करता येईल.