हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब
शाळेचे ग्रंथालय : लेखांक 5

मागच्या आठवड्यात अनुदानाची पुस्तके शाळेपर्यंत कशी पोचतात ते पाहिले. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला 5 हजारांपासून 20 हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे ‘शाळेत पुस्तकेच नाहीत’ हे गाऱ्हाणे आता सरसकट खरे नाही. खरा अडथळा त्यापुढच्या दहा पावलांत आहे, कपाटापासून दप्तरापर्यंत. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तके टेबलांवर मांडली जातात, फोटो निघतात आणि 16 तारखेला ती पुन्हा कुलपात जातात. यासाठी ग्रंथपालाच्या अनास्थेला बोल लावण्याची रीत आहे. ते निदान मला चुकीचे वाटते. हे कुलूप आळसापेक्षा धास्तीने लागते. साठा पडताळणीत पुस्तक सापडले नाही, तर ज्याच्या ताब्यात ग्रंथालय त्यालाच जाब द्यावा लागतो. मग तो अर्धवेळ ग्रंथपाल असो, नाहीतर वर्ग सांभाळून कपाट सांभाळणारा शिक्षक. दहा वर्षांत कुणी हात न लावलेल्या पुस्तकाबद्दल मात्र त्याला कुणी काही विचारत नाही. असा हिशेब असेल, तर कुलूप लावणाराच शहाणा ठरतो.

शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असल्याचा आहे, आणि तो समजावताना त्यांनी युरोपात एकेकाळी पुस्तके साखळीने बांधून ठेवत त्याचा दाखला दिला. आपल्याकडे साखळीऐवजी कुलूप आले, इतकेच. गंमत अशी की सरकारी नियमच या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळा आहे. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाला देवघेव झालेल्या किंवा चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे 5 पुस्तके गहाळ होणे वाजवी मानले आहे. अट अशी, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, राज्यातल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही. पण त्यातले तत्त्व उचलण्याजोगे आहे, कारण ही सूट साठ्यावर नसून वापरावर मोजली जाते. 400 मुलांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेले, तर 35 आठवड्यांत 14,000 वेळा पुस्तके जातील आणि 70 हरवली तरी चालतील. वर्षातून दोनदाच नेले, तर देवघेव 800 आणि सूट फक्त 4 पुस्तकांची. एका पुस्तकाची किंमत सरासरी 70 रुपये धरली, तर 70 पुस्तकांचे 4,900 रुपये होतात; म्हणजे दर वाचनामागे 35 पैसे. एवढ्या किमतीत शाळेला दुसरे काय मिळते?

कुलूप काढल्यावर मुले आपसूक वाचू लागतात, असे मात्र नाही, आणि ग्रंथपालाचे कसब खरे तिथून सुरू होते. साधी मांडणीची गोष्ट घ्या. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांसारखी पातळ चित्रपुस्तके फळीवर उभी लावली, की त्यांचा कणा बोटाच्या पेराएवढाही दिसत नाही. त्यावर खाकी कव्हर आणि दाखल क्रमांकाची चिठ्ठी चढली, तर पुस्तक दिसेनासेच होते. हीच पुस्तके भिंतीलगत दोरी बांधून, मधल्या पानावर उघडून अडकवली, की मुखपृष्ठ बाहेर येते आणि दुसरीतले पोर चित्र बघून हात घालते. थोडे मोठे मूल असेल, तर ऑफ तासाला फास्टर फेणेच्या एखाद्या गोष्टीची पहिली चार पाने वाचून ऐन रंगात पुस्तक मिटावे. पुढे काय झाले हे विचारायला चारदोघे टेबलाशी येतातच. आले, की सांगायचे नाही, पुस्तक द्यायचे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मोकळीक दिली तर मुले विनोद, भुतांच्या गोष्टी आणि चित्रकथाच नेतील. नेतील, खुशाल नेऊ द्यावीत. वाचनाचा वेग सवयीने येतो, आणि सवय लागते ती स्वतः निवडलेल्या पुस्तकाने. वर प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून आणायची सक्ती केली, तर मूल सर्वांत पातळ पुस्तक शोधते, एवढाच त्यातून बोध. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सूट दिली, की निष्काळजीपणाला मुभा मिळेल. म्हणूनच नोंद हवी, दंडाची धमकी नको. ती नोंद मुलांकडेच सोपवता येते. पाचवी-सहावीतली दोन मुले मधल्या सुट्टीत वही घेऊन बसली, तर कोणाकडे काय थकले आहे हे ग्रंथपालाच्या आधी त्यांना ठाऊक असते, आणि त्यांचा तगादा शिक्षकांच्या तगाद्यापेक्षा चिवट असतो.

पडताळणीच्या तक्त्यात ‘गहाळ’ हा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक आखावा, ‘वर्षभरात एकदाही न गेलेली’. तो भरायला फारसे कष्ट नाहीत. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी उघडून पाहायची. तिच्यावर वर्षभरातली एकही तारीख नसेल तर पुस्तक त्या रकान्यात जाईल, आणि मुख्याध्यापकांनी दोन्ही आकड्यांबद्दल विचारणा करावी. आज विचारणा एकाच आकड्याची होते.