रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरकोपचार : एका विधानाचे दोन अर्थ

अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पातील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन चाचणी २००२ साली मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. या उपचाराने स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, हे वृत्त पसरताच अनेक स्त्रियांनी तो सोडला. विधान खरे होते; परंतु ‘धोका’ या शब्दाने भय कळते, प्रमाण नव्हे. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८ रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ होय. पक्षाघातही तितक्याच स्त्रियांमागे ८ ने वाढले; खुब्याचे अस्थिभंग मात्र ५ ने घटले.

शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. उपचार मागते ती बहुधा पन्नाशीतील, अंगातून वाफा निघणारी, रात्री घामाने जागी होणारी स्त्री. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, उपचार सुरू केल्यास अशा त्रासावरील लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक ठरतो, असे आज मानले जाते. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या पूर्वी झालेल्या स्त्रीस हे लागू नाही. गर्भाशय असल्यास त्याच्या अस्तराच्या रक्षणार्थ प्रोजेस्टिन जोडावे लागते. आणि त्या प्रकल्पात स्तनाच्या कर्करोगाची वाढ दिसली ती नेमकी या जोडीतच, एकट्या इस्ट्रोजेनमध्ये नव्हे.