जिल्ह्याचा पेपर आणि आमचे नाना

आमचे चुलते, ज्यांना अख्खे घर नाना म्हणायचे, उलटे धरलेले वर्तमानपत्रही सरळ धरल्यासारखे वाचायचे. समोर बसलेल्या माणसाच्या हातातला पेपर त्यांना कधी वळवून घ्यावा लागला नाही. बीडमधल्या एका छापखान्यात त्यांनी वीसेक वर्षे शिशाचे खिळे जुळवले होते, आणि जुळाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओळ नेहमी उलटीच असते.

१९६८ साली मॅट्रिक नापास होऊन ते केज तालुक्यातल्या आमच्या गावातून बीडला आले. पहिले वर्ष जमिनीवर सांडलेले खिळे वेचण्यात आणि रॉकेलने शाई पुसण्यात गेले. मग केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या घरांपाशी, उभे राहायला मिळाले. इंग्रजीचा जुळारी थोडक्या घरांत भागवायचा. मराठीला अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, उकार, वेलांट्या धरून शेकड्यांनी घरे लागायची. टिळकांनीसुद्धा ही संख्या कमी करण्यासाठी खटपट केली होती. नानांचा हात न बघता नेमक्या घरात जायचा. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा. ओळी भरल्या की गॅलीत उतरवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, प्रूफ काढायचे, चुका उपटून दुरुस्त करायच्या, मग मजकूर चौकटीत आवळून ट्रेडलवर चढवायचा. ट्रेडल पायाने चाले, त्यामुळे वीज गेली तरी अंक निघायचा. छपाई झाली की तेच खिळे धुऊन, सुटे करून ज्याच्या त्याच्या घरात परत. संध्याकाळी नाना गुळाचा खडा तोंडात टाकायचे. शिशाला तोच उतारा, अशी त्यांची समजूत होती.

त्यांच्या छापखान्यात सगळ्यांत आधी ‘ळ’ संपायचा. परळी, चौसाळा, पिंपळनेर, आणि वर दुष्काळ! १९७२ साली तर एक पान छापून होईपर्यंत दुसऱ्या पानाला ‘ळ’ उरत नसे. पहिले पान उतरवायचे, त्यातले ‘ळ’ काढायचे, मगच दुसरे पुरे व्हायचे. सकाळी दुष्काळाच्या बातमीत असलेला खिळा संध्याकाळी परळीच्या बातमीत बसायचा.

बीडला आपला पेपर का लागला, हे नकाशा पाहिला की कळते. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे होती, पण बीड शहराला पहिली प्रवासी गाडी मिळाली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला. नानांच्या काळात मुंबई-पुण्याचे पेपर एसटीच्या टपावरून यायचे आणि हातात पडेपर्यंत शिळे व्हायचे. त्याआधीचा काळ तर आणखी कठीण. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, दरबारी भाषा उर्दू आणि मराठी पत्रावर सरकारची करडी नजर. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’वर बंदी आली की ते पत्र नवे नाव घेऊन निघायचे. त्या जिद्दीचा वारसा पुढे जिल्ह्या-जिल्ह्यांत उतरला. बीडच्या पत्रांची नावेच पाहा: ‘झुंजार नेता’, ‘लोकाशा’, बीडच्या जुन्या नावावरून ‘चंपावतीपत्र’, आणि अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नाव मिरवणारा ‘विवेकसिंधु’. अशी नावे ठेवणाऱ्यांना आपण कुठे उभे आहोत याचे भान होते.

नाना ज्या पत्रात होते त्याचे नाव इथे देत नाही, कारण तिथे पगार दोन-दोन महिने थकायचा. जाहीर नोटिसा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या जाहिराती, यांवर अशा पत्रांचा संसार चाले. ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याचीच जाहिरात पहिल्या पानावर घ्यायची, हे या धंद्याचे जुने दुखणे आहे. मला ते झाकावेसे वाटत नाही. नानांनाही त्याचा त्रास व्हायचा.

पण एक गोष्ट या पत्रांनी केली, तिची बरोबरी मोठ्या दैनिकांना साधली नाही. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातले लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. वाटेत ट्रॅक्टरची ट्रॉली उलटते. मोठ्या पेपरात ओळ येते: बीडचे चार मजूर ठार. एका हिवाळ्यात अशीच बातमी ट्रंककॉलवर आली. नावे अर्धवट, गावाचे नाव नुसते पिंपळगाव. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावे किती! नाना तसेच उठून बसस्टँडवर गेले आणि प्रत्येक गाडीवाल्याला विचारत राहिले, “बाबा, कोन्त्या पिंपळगावची मानसं गेली ऊसाला?” अडीच तासांनी त्याच पिंपळगावच्या तांड्यावरचा एक म्हातारा भेटला. त्याच्याकडून चौघांची पुरी नावे, वये आणि बापाची नावे घेऊन ते परतले. अंक उशिरा निघाला, मालक रागावले. नाना एवढेच म्हणाले, “मेल्यावर तरी धड नाव छापू द्या की.”

पुढे ऑफसेट आला, श्रीलिपी आली, बटर पेपरवरची प्रिंट चिकटवून पाने लागू लागली. नाना प्रूफे तपासायला बसले. शिशाचे खिळे किलोवर भंगारात गेले. त्यातला एक ‘ळ’ त्यांनी मागून घेतला. तो माझ्या टेबलावर आहे. नाना २०११ साली गेले.

त्या चौघांची नावे ज्या अंकात आली, तो अंक मी बरीच वर्षे शोधला. पत्राच्या कचेरीतली फाइल वाळवीने खाल्ली होती. शेवटी तो सापडला धारूर तालुक्यातल्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईला वाचता येत नव्हते. तिच्या नवऱ्याचे नाव छापलेला तेवढाच एक कागद तिच्याकडे होता.

बीड जिल्ह्यात तुमच्या घरी माळ्यावर, पेटीत, देवघराच्या फळीखाली जिल्ह्याच्या पेपरचे जुने अंक असतील. १९७२ चे असोत की १९९३ च्या भूकंपाचे, ते रद्दीत घालू नका. गावातल्या नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि देताना त्यांची नोंद करून घ्या.