‘खांदा’ : शब्द आणि सांधा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगाम आटोपून गावी परततो आणि ‘खांदा धरला आहे’ असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने प्रथम विचारावयास हवे : कोणता खांदा? मराठीत हा शब्द दोन निरनिराळ्या स्थळांना लागतो, आणि त्या स्थळांची दुखणीही निरनिराळी असतात. हा भेद स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

संस्कृतात ‘स्कंध’ म्हणजे शाखा जेथून फुटतात तो झाडाचा बुंधाही होय. मराठीतील ‘खांदी’ त्याच कुळातली. लोकव्यवहारात खांदा म्हणजे मुख्यतः ओझे पेलणारी जागा, मान आणि दंड यांमधील उतार. प्रेताला खांदा देतात तो येथेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, तीही जू टेकते त्या जागेची. माणसात हा उतार मुख्यतः कवटीच्या मागील भागापासून पाठीपर्यंत पसरलेल्या रुंद स्नायूचा असतो.

वैद्याचा खांदा म्हणजे त्याच्या बाहेरच्या टोकाचा सांधा. सुश्रुतसंहितेत काखेच्या सांध्याची गणना ‘उलूखल’ प्रकारात केलेली आहे. आपली पाठ्यपुस्तकेही ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. खुब्याला हे नाव शोभते. खांद्यात मात्र अंसफलकाची खाच इतकी उथळ असते की दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तीत टेकतो. तिला उखळीपेक्षा ताटली म्हणणेच अधिक यथार्थ. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांपैकी हा सर्वाधिक वेळा निखळतो.

मग त्याला धरून ठेवते कोण? अस्थिबंध आहेतच, परंतु हालचालीच्या वेळी मुख्य भार अंसफलकापासून निघणाऱ्या चार स्नायूंवर असतो. त्यांच्या कंडरा एकत्र येऊन डोक्याभोवती वेष्टन करतात. बाहेरील त्रिकोणी स्नायू दंड वर उचलतो, त्या वेळी हे चौघे डोके खाचेत दाबून धरतात. हात पूर्ण वर नेला असता सुमारे 180 अंशांपैकी 120 अंश ह्या सांध्यात घडतात. उरलेले 60 अंसफलकाच्या सरकण्याने.

आता मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या मजुराकडे पाहावे. ओझे मानेवर, हात मात्र वर धरलेले. चौघांतील सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा खांद्याच्या हाडाच्या टोकाखालील अरुंद जागेतून जाते. हात वारंवार वर राहिल्यास ती तेथे दाबली जाऊन झिजू शकते. अशा माणसाला हात बाजूने वर नेताना कळ येते. ओझ्याने उताराचा स्नायू ताठला असेल, तर हात बहुधा उचलता येतो, पण मान वळवताना ओढ लागते. दोघेही सांगतात एकच : ‘खांदा धरला.’

हे बोलीचे दारिद्र्य नव्हे. ओझे वाहणाऱ्याच्या दृष्टीने ती सारी एकच जागा आहे. तथापि बोलींचा शब्दसंग्रह करणाऱ्याने अर्थ विचारून थांबू नये, बोट ठेवून जागा दाखवावयास सांगावे. आणि उपचार करणाऱ्यानेही तेच करावे.